हॅलिफॅक्सचं गाऱ्हाणं

कॅनडाला जायचं ठरलं त्या दिवशी दादाने सगळ्यात आधी टीव्हीचा रिमोट फोडला. भिंतीवर असा हाणला की आतले सेल उडाले. एक पलंगाखाली गेला, दुसरा वहिनीच्या कपाळाला लागला. वहिनीने कपाळ चोळलं, वाकून पलंगाखालचा सेल काढला, दोन्ही सेल मेजावर ठेवले आणि विचारलं, "चहा टाकू?" दादा म्हणाला, "टाक." आमच्या प्रवासाची सुरुवात झाली ती अशी.

भांडणाचं कारण काय, तर भूगोल. दादाची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, हॅलिफॅक्सला इस्पितळात नोकरीला आहे. त्या संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल केला आणि सांगितलं, यंदाच्या उन्हाळ्यात तुम्ही तिघंही या. उन्हाळा म्हणजे तिथला, आपला पाऊस सुरू होतो तेव्हाचा. दादा लगेच म्हणाला, सकाळी व्हँकुव्हर बघू आणि संध्याकाळी तुझ्याकडे जेवायला येऊ. भाची खो खो हसली. म्हणाली, "बाबा, व्हँकुव्हर त्या टोकाच्या दर्यावर, मी ह्या टोकाच्या. मध्ये अख्खा देश आहे!" आता दादाला काय वाटेल ते बोला, पण हसायचं नाही. फोन फोडला असता तर मुलगी दिसायची बंद झाली असती, म्हणून रिमोटवर निभावलं.

आमचं घर मारकं आहे, हे आधीच सांगून टाकते. आजोबा सावंतवाडीकडून गोव्यात डिचोलीच्या खाणींवर कामाला आले आणि आमोण्याला नदीकाठी घर बांधून राहिले. ते मारायचे. बाबा खाणीचा ट्रक चालवायचे, तेही मारायचे. आई मारायची आणि मग मारलेल्या जागी खोबरेल तेल लावायची. माझाही हात काही साधा नाही. मी मराठी शाळेत मास्तरीण आहे, लग्न केलं नाही, भावाच्या घरात माझी एक खोली आहे. शाळेत हल्ली मुलांना बोट लावायची सोय राहिली नाही, त्यामुळे माझा सगळा राग घरी येतो. पण मारण्यामारण्यात फरक असतो. आम्ही बाकीचे रागाच्या भरात मारायचो आणि विसरायचो. दादा समोरचा माणूस गप्प होईपर्यंत मारतो, आणि गप्प झाला की का गप्प झालास म्हणून आणखी एक देतो. खाणी बंद पडल्या, दादाचा टिप्पर, म्हणजे खनिजाचा ट्रक, दारात गंजत उभा राहिला, तेव्हापासून तर विचारूच नका.

आणि त्याच्या हातातलं माणूस म्हणजे वहिनी. वहिनी पेडण्याच्या केरी गावची. दर्याच्या काठावर वाढलेली, वडील-भाऊ होडीवर जाणारे. आमोण्याहून केरीला गाडीने असा कितीसा वेळ लागतो? पण तिला तिथं जायची बंदी होती. का, तर एकदा सासुरवाडीला जेवताना दादाच्या ताटात इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, शेपटाकडचा तुकडा पडला! जावयाला मधला तुकडा द्यायचा सोडून शेपूट वाढलं, म्हणून हा ताट लाथाडून उठला, मेहुण्याशी बोलणं तोडलं आणि बायकोचं माहेरही तोडलं. वहिनीला आमच्या नदीचं कधी कौतुक वाटलं नाही. ती म्हणायची, "हे पाणी कुठंतरी जातंय. दर्या कसा, येतो तुमच्याकडे."

कॉल झाल्यावर दुसऱ्याच दिवशी भाचीने मला शाळेत फोन केला. मी वर्ग सोडून व्हरांड्यात आले. ती म्हणाली, "आत्या, आईला एकदा माझ्या दारात आणून सोड. पुढचं मी बघते. ती परत नाही येणार."

"आणि बाबा?"

"बाबा बरोबर आले तर फिरतील, फोटो काढतील आणि तिला घेऊन परत जातील. तुला माहीत आहे ना आत्या?"

मला माहीत होतं. म्हणजे आमचा कॅनडाचा बेत खरा एवढाच होता. वहिनीने जायचं आणि दादाने जायचं नाही. बाकी शहरं, विमानं, थंडीचे कपडे हे सगळं वरवरचं होतं. आणि हे दादाला सांगायची हिंमत आमच्या तिघींपैकी एकीचीही नव्हती.

बेत तर सुरू झाला. मी शाळेतून जगाचा नकाशा आणला, कापडावर चिकटवलेला, जुना, कडा उंदरांनी खाल्लेला. मेजावर पसरला आणि कोपरे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर नारळ ठेवले. वहिनी हात पुसत आली. कॅनडाच्या कडेकडेने बोट फिरवत म्हणाली, "हा निळा सगळा दर्या?"

"सगळा."

"दोन्ही अंगांनी?"

"तीन अंगांनी. वरही आहे, पण तो गोठलेला."

तिचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. दादा मात्र आल्या आल्या म्हणाला, पहिलं व्हँकुव्हर. का, तर त्याच्याबरोबर टिप्पर चालवणाऱ्या एका दोस्ताचा मुलगा तिथं राहतो आणि तो दोस्त सगळ्या डिचोलीला तिथल्या बंदरावरचे फोटो दाखवत फिरतो. दादाला त्याच धक्क्यावर, त्याच जागी उभं राहून फोटो काढायचा होता. मी म्हटलं, "दादा, पोटची पोर इथं आहे. आधी तिच्याकडे जायचं की दोस्ताची जिरवायला?" तो माझ्यावर ओरडणार, तेवढ्यात वहिनी बोलली. हळूच बोलली. "मला वाटतं, आधी हॅलिफॅक्स."

मला वाटतं! त्या घरात हे दोन शब्द तिने कधी उच्चारले असतील तर मी ऐकलेले नाहीत. दादाने नारळ सोलायची कोयती उचलली आणि खाडकन नकाशातल्या व्हँकुव्हरवर मारली. तिथंच टेकलेल्या तिच्या बोटाच्या नखाला पातं लागून थांबलं. नख दुभंगलं, रक्ताचा थेंब समुद्रात पडला. "पयलां व्हँकुव्हर," दादा म्हणाला. "माका वाटता आणि फाटता, ह्या माझ्या घरात चलाचा नाय!"

मग कोयती निघेना. इतक्या जोराने मारली होती की मेजाच्या लाकडात रुतून बसली. ओढतोय, ओढतोय, मेज सगळं वर उचललं जातंय, आणि तोंडाने माझ्यावर खेकसतोय, "धर गो मेज, बघत काय रवलंस?" मला हसू फुटलं. त्या हसण्याबद्दल पाठीत एक गुद्दा बसला. मी कोपऱ्यावरचा नारळ घेऊन त्याच्या नडगीवर हाणला. वहिनी बोट तोंडात धरून नकाशाकडेच बघत होती. तो नकाशा मी नंतर शाळेत परत नेला. व्हँकुव्हरला भोक आहे, आणि मुलं विचारतात तेव्हा मी उंदरांचं नाव सांगते.

पुढच्या आठवड्यात केरीला जाणं झालं. भाचीने मामाकडचे सुके बांगडे मागितले होते. दादा जाऊ देईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण तो स्वतःच म्हणाला, चला, मी गाडी काढतो. बांगड्यांसाठी नव्हे, मेहुण्यासमोर टेंभा मिरवायचा होता. पेडणं ओलांडलं तशी वहिनीने काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून बसली. मी म्हटलं, "धूळ जाईल नाकात." म्हणाली, "जाऊ दे गो बाय."

गाडी सुरूच्या झाडांखाली उभी राहायच्या आत ती उतरली. चपला तिथंच टाकल्या आणि पाण्याकडे पळत सुटली. पन्नाशीची बाई, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, लाट आली की लहान पोरीसारखी किंचाळत होती. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? एवढंसं हवं होतं तिला, आणि ते आम्ही इतकी वर्षं दिलं नाही.

तिचा भाऊ होडीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत होता. दादा त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "वळखलंस? आमी कॅनडाक जातंव."

मेहुण्याने सुई थांबवली नाही. "जा. थंय इसवण गावता काय बघ. मधलोच तुकडो माग."

झालं. दादाने जाळ्यावर पाय दिला आणि टाचेने फाडलं. बाजूची टोपली उलटी केली, मासे वाळूत पसरले. मेहुणा उठतोय तोवर त्याच्या कानाखाली आवाज काढला. मेहुण्याने होडीतलं वल्हं ओढलं आणि आडवं फिरवलं. ते दादाच्या तोंडावर बसलं. तो आवाज मी विसरणार नाही, ओला नारळ फरशीवर पडावा तसा. दादा बसला, तोंडात हात घालून दात काढला, बघितला, वाळूत टाकला. मग उठला आणि मेहुण्याचे केस धरून त्याचं डोकं होडीच्या काठावर आपटलं. पुन्हा आपटलं. दोघंही वाळूत लोळत होते, रक्त कुणाचं कुणाला लागत होतं. मी मध्ये पडले, कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत बसलं, मीही कुणाला तरी चावले. फिरायला आलेले लोक फोन काढून शूटिंग करत होते. शेवटी बाजूच्या होडीवरचे लोक धावले आणि त्यांनी दोघांना ओढून वेगळं केलं.

मी वहिनीला शोधलं. ती तशीच गुडघाभर पाण्यात उभी होती, आमच्याकडे पाठ करून, तेरेखोलच्या बाजूला बघत. नवरा आणि भाऊ मागे एकमेकांचे जीव घेत होते, आरडाओरडा अख्ख्या किनाऱ्यावर चालू होता, आणि तिने मागे वळून पाहिलं नाही. मी हाका मारल्या तेव्हा म्हणाली, "थांब. एवढी लाट येऊ दे."

पेडण्याला दवाखान्यात दादाच्या ओठाला टाके घातले. खालचा ओठ मधोमध फाटला होता. बोलायचं नाही, पातळ खायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. आम्हाला वाटलं, चला, थोडे दिवस शांतता. कुठली? तोंड बंद झालं तसे हात जास्त चालायला लागले. पाणी हवं की तांब्या भिरकावायचा, पंखा हवा की खुर्ची लाथाडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव देऊन गेला. ते बघून दादाचा पारा चढला, कारण त्याला चावता येत नव्हतं. वहिनीने पेज केली, निवत ठेवली, वाटीत घालून दिली. ती पुरती निवली नव्हती. पहिलाच घोट टाक्यांना लागला आणि तो गुरासारखा ओरडला. वाटी टाकली. वहिनीचं मनगट धरलं, ओट्याच्या कडेवर टेकवलं आणि खाली दाबलं. रागाच्या भरात एखादा फटका मारतो तसं नव्हतं ते. सावकाश, तिच्या तोंडाकडे बघत बघत दाबलं. कट् असा आवाज झाला. वहिनी ओरडलीसुद्धा नाही, नुसता श्वास आत घेतला.

मी चुलीवरचं पेजेचं भांडं उचललं आणि त्याच्यावर फेकलं. नेम पायावर लागला. तो पाय धरून नाचला आणि मग माझ्यावर चालून आला. कोपऱ्यात मुसळ होतं, ते मी दोन्ही हातांनी धरलं. "ये," म्हटलं. "ये मेल्या, आज एकतर तू नायतर मी. शिरा पडली तुझ्या त्या हातार!" तो थांबला. माझ्याकडे बघितलं, मुसळाकडे बघितलं आणि लंगडत बाहेर जाऊन टिप्परमध्ये बसला. मला अजून वाटतं, तो थांबला नसता तर मी घातलंच असतं, आणि मला वाईट वाटलं नसतं.

डिचोलीच्या इस्पितळात प्लास्टर घातलं. कसं झालं विचारल्यावर वहिनी म्हणाली, न्हाणीत घसरले. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी जनेलातून बाहेर पाहिलं. परतताना ती माझ्या स्कूटरवर मागे बसली होती. प्लास्टरचा हात आमच्या दोघींच्या मध्ये होता, खड्डा आला की माझ्या पाठीला टोचायचा. नदी दिसायला लागली तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "बाय, मी जातलंय. पण तो नको. तो आला तर तिथंही हेच. नुसता दर्या बदलेल."

मी गाडी कडेला घेतली. म्हटलं, "पासपोर्ट त्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या करगोट्याला. कशी जाणार तू?"

ती म्हणाली, "सोमवारी प्रसाद आहे ना?"

इथं प्रसादाचं सांगायला हवं. आमच्याकडे मोठं काही करायचं तर देवाला विचारतात. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला मोठ्याने सगळं सांगायचं. मग गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना पिटकोळीच्या फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला आजूबाजूच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्या देवळात आणखी एक नियम आहे. शेवटच्या वाक्याला घरच्या माणसांचा "व्हय" आला पाहिजे. तो आल्याशिवाय गुरव पाकळीला हात लावत नाही. एकदा घरचे "व्हय" म्हणाले आणि पाकळी पडली की तो विषय संपला.

दादा जगात कुणाला भीत नाही, पण त्या पाकळीला भितो. विहीर पाकळी विचारून खणली. दुसरा टिप्पर घ्यायचा होता तेव्हा डावी पडली, आठ दिवस देवाला शिव्या घातल्या, पण टिप्पर घेतला नाही. कॅनडाला जायचं तर पाकळी विचारल्याशिवाय तो उंबरा ओलांडणार नव्हता.

सोमवारी देवळात बरीच माणसं होती. आमच्यात गाऱ्हाणं घरचा कर्ता घालतो. दादाने हात जोडले, तोंड उघडलं, आणि आतून नुसतं "फ्फ, फ्फ" आलं. टाक्यांतून शब्द फुटेना. मागे कुणीतरी खोकला काढल्यासारखं हसलं. गुरव म्हणाला, "कर्त्याक वाचा नाय तर घरातल्या कोणीय घालूचा, देवाक चलता." दादाने माझ्याकडे बघितलं. माझ्यावर त्याचा भरवसा नव्हता, मुसळ ताजं होतं. त्याने वहिनीला कोपराने ढोसलं, पुढे हो. काय सांगायचं ते घरी खुणांनी पढवून ठेवलंच होतं, तिघं जातात, सुखरूप ने आणि आण.

वहिनी पुढे झाली. एक हात प्लास्टरमध्ये, तो तिने तसाच दुसऱ्या हाताला जोडला. आवाज आधी बारीक निघाला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे येऊन उभी आसत."

"व्हय म्हाराजा!"

"दर्यापार आमची लेक आसा, तिका सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या घराक जावचा मनात धरलंला आसा, ता पुरा कर."

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला एक लय असते. तिसऱ्या-चौथ्या वाक्यापर्यंत कुणीही नीट ऐकत नाही, तोंड आपोआप उघडतं. लहानपणापासून तेच म्हणत आलेली माणसं आम्ही. वहिनीने श्वास घेतला. आवाज एकदम मोठा झाला.

"मी आणि माझी नणंद, आमी दोघीच जातलंव. माझो घोव घर राखीत हंयच रवतलो. ह्या तुका मान्य आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी."

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं. मी म्हटलं, घसा फोडून म्हटलं. आणि माझ्या शेजारून, टाक्यांमधून, फुसका पण स्पष्ट "व्हय" निघाला. दादाचा.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं, की घर राखायला ठेवलेला घोव म्हणजे तो स्वतः. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याने वहिनीच्या मानेच्या दिशेने हात उचलला. पण गुरवाने "व्हय" ऐकला होता आणि पाकळ्या लावल्या होत्या. पाकळ्या लागल्या की कुणी हलायचं नाही. दादाचा हात हवेत तसाच राहिला. वहिनी समोर बघत होती. तिच्या मानेवर घामाची धार उतरताना मला दिसत होती. डावी पाकळी जराशी सरकली. मी मनात देवाला अशी धमकी दिली, की ती लिहिता येणार नाही. डावी तिथंच अडकली. आणि उजवी सुटली.

"उजवी दिल्यान," गुरव म्हणाला.

घरी आल्यावर दादाने कुऱ्हाड घेतली. अंगणात आमच्या आईने लावलेली पिटकोळी होती, माणसाच्या उंचीची, बारा महिने फुलणारी. ती त्याने मुळापासून तोडली. फांद्या तोडल्या, फांद्यांचे तुकडे केले, तुकड्यांवरही घाव घातले. मग दगड घेऊन घराची जनेलं फोडली, एकही काच ठेवली नाही. टिप्परच्या पत्र्यावर कुऱ्हाडीचे घाव घातले. ओठाचे टाके उसवून हनुवटीवरून रक्त वाहत होतं. आम्ही दोघी ओसरीवर हात धरून बसलो होतो, काचा पायाशी येऊन पडत होत्या. शेवटी तो आत गेला आणि आमचे दोन पासपोर्ट आणून आमच्या अंगावर फेकले. वहिनीला मात्र हात लावला नाही. जायच्या दिवसापर्यंत लावला नाही. देव "हो" म्हणाला होता ना!

मोप्याच्या विमानतळावर तिचा भाऊ सुके बांगडे घेऊन आला होता, कपाळावर व्रण घेऊन. विमान उडालं तेव्हा खाली केरीचा किनारा दिसला. वहिनीने काचेला नाक लावलं आणि ढग येईपर्यंत काढलं नाही. हॅलिफॅक्सला भाचीने आम्हाला पहिल्याच दिवशी धक्क्यावर नेलं. वहिनीने खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "याला वास नाही गो." म्हटलं, चालेल ना? म्हणाली, "चालेल. मार नसला की वासाचं चालतं." तिचं मनगट वाकडंच जुळलं आहे. व्हँकुव्हर आम्ही बघितलं नाही. मी शाळेची रजा संपली म्हणून परत आले, एकटी. पुढचं भाचीने बघितलं, बोलली होती तसं.

त्याला आता दोन पावसाळे झाले. दादा स्वतःच्या हाताने भात करतो, करपवतो आणि भांडं अंगणात फेकतो. ओठ जुळला, बोलता चांगलं येतं. माझ्यावर हात उचलतो अधूनमधून, मी मुसळ कोपऱ्यातच ठेवलेलं आहे. वहिनी फोनवर दिसते तेव्हा तो खोलीच्या दाराआड उभा राहून ऐकतो. पुढे येत नाही.

परवाच्या सोमवारी म्हणाला, देवळात चल. मी गेले. या वेळी गाऱ्हाणं त्याने स्वतः घातलं. आधी देवासमोर स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या. तशा सगळेच मारतात, हलक्या, रिवाज म्हणून. पण याचा हात थांबेना. एकावर एक, अशा जोराने की देवळात आवाज घुमायला लागला. तो आवाज मी आमच्या स्वयंपाकघरातून इतकी वर्षं ऐकला होता, नीट ओळखला. गुरवाने त्याचे हात धरले तेव्हा दोन्ही गाल सुजले होते आणि ओठाच्या जुन्या व्रणातून रक्त येत होतं. मला दया आली. तो माझा भाऊ आहे, आली.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "माझा चुकला. पदरात घे."

"व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं.

"माझी बायल दर्यापार रवली आसा. तिका परत माझ्या घराक हाड. मान्य आसात तर उजवी दी."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी म्हटलं नाही.

गुरवाच्या हातात ओल्या पाकळ्या होत्या. तो थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. घरची म्हणून तिथं मी एकटीच होते. दादा वळला. "म्हण गो," म्हणाला. आधी हळू म्हणाला, मग ओरडला, "म्हण!" त्याने हात उगारला, सगळ्यांच्या देखत, देवाच्या देखत.

मी गाल पुढे केला. तोंड उघडलं नाही.